मदरबोर्डाला बांधलेलं तोरण

माझी शाळा लवकर सुटली. म्हणजे शाळा तिथंच राहिली, मीच सुटलो. शाळेत खायला सुकडी मिळायची तोपर्यंत जायचो. सुकडी बंद झाली, तसा मी पण बंद झालो. त्याच्यापुढे जे काय शिकलो ते भाताच्या गिरणीत, आणि तिथं तरी मी पास झालो असं गावातला एक माणूस बोलणार नाय.

आमचं गाव शहापूरवरून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत. गिरण माझ्या घराला लागूनच. मागे एका हंगामात माझ्या डोक्यात आलं की गिरण फास्ट फिरली पायजे. मोटरची पुली काढली, मोठी टाकली. गिरण अशी पळायला लागली की वरून भात टाकायचा अवकाश, खालून माल बाहेर. फक्त तांदूळ म्हणून नाय, कण्या म्हणून. त्या हंगामात आमच्या गावानं भात कमी आणि पेज जास्त खाल्ली. पुली मी परत बदलली, पण लोकांची तोंडं कशी बदलणार? आज पण कोणी पोतं घेऊन आला की दारातूनच विचारतो, "आज तांदूळ देणार, का कण्या?"

हे आधी सांगतो, कारण माझं डोकं कसं चालतं ते तुमाला माहीत असलेलं बरं.

मला एकच लेक. शहापूरला कॉलेजात जाते आणि कॉम्प्युटरवर गेम खेळते. टाइमपास नाय, टीम हाय तिची. पाच पोरी. एक डोंबिवलीची, एक नाशिकची, बाकीच्या कुठल्या कुठल्या. कोणी कोणाला समोर बघितलेलं नाय, पण कानाला ते हेडफोन लावून एकमेकींवर ओरडतात ते सख्ख्या बहिणींसारखं. आधी ती आसनगावला मैत्रिणीच्या घरी जाऊन खेळायची. मग त्या टीमच्या मोठ्या पोरीनं सांगितलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी मोठी मॅच हाय, त्यात ज्या पाच जणी खेळतील त्याच टीममध्ये राहतील. आणि प्रत्येकीकडे स्वतःचा फास्ट कॉम्प्युटर पायजे. एक सहावी पोरगी तयारच बसलीय, कोणाची जागा खाली होते काय बघत.

लेक मला ते सांगताना अशी सांगत होती जशी काय पावसाची बातमी देते. पण रात्री जेवली नाय नीट. मी बोललो, "घेऊ गो." बायको बोलली, "तुमाला त्याच्यातलं काय कळतं?" मी बोललो, "न कळणाऱ्या वस्तू घेऊनच आपला संसार उभा राहिलाय." त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी त्या वस्तूंमध्ये तिला धरलं काय, असं तिला वाटलं असणार.

कल्याणला गेलो. दुकान असं की भिंतीभर डबे, आत काय ते देवाला माहीत. दुकानदार टोपीवाला, लेकीपेक्षा जरासाच मोठा. तो बोलला, "काका, गेमिंगला पहिला बघायचा मदरबोर्ड. बाकी सगळं त्याच्यावर बसतं."

"म्हणजे घराचं जोतं."

"तसंच समजा."

मी खूश. आलो आणि पहिल्याच झटक्यात समजलं. दोन बोर्ड त्यानं समोर ठेवले. मी एकेक हातात घेऊन वजन करून बघितलं. "हा हलका हाय."

लेक हळूच बोलली, "बाबा, किलोवर घ्यायचा नाय."

दुकानदार बोलला, "हा हलका आहे त्याला कंपनीनं जेवढा स्पीड दिलाय तेवढाच. वाढवता येत नाही. हा काळा बघा, ह्याच्यावर धातूचे ठोकळे दिसतात ना, उष्णता खेचायला. ह्याच्यात स्पीड आपल्याला वाढवता येतो. ओव्हरक्लॉक."

"वाढवता येतो?" मी बोललो.

लेकीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं दुसऱ्याचं शेत दिसलेल्या बैलाकडे बघतात. "बाबा, ही पुली नाय."

"मी कुठं काय बोललो?"

"तुमचे डोळे बोलले."

दुकानदारानं अजून एक सांगितलं. हा बोर्ड जास्त तापला की आपला आपण बंद होतो. ते काय मला पटलं नाय. मी बोललो, "असा बंद पडणारा माल कशाला देता? आमच्या गिरणीची मोटर बघा, धूर निघाला तरी फिरते."

"मग काय होतं काका?"

"मग जळते."

दुकानात जेवढे होते तेवढे हसले. लेक पण हसली, तोंड भिंतीकडे करून. काळा बोर्ड घेतला. घरी येताना मला कळलं की तिनं तो महिनाभर व्हिडिओ बघून आधीच पसंत करून ठेवला होता. मला नेलं होतं ते पेटी उचलायला.

जोडणी तिनंच केली, ओटीवर सतरंजी टाकून. मला दोन कामं दिली होती. उजेडाला बॅटरी धरायची आणि गप्प बसायचं. दोन्ही मला जमली नायत. पेटी चालू झाली, आतले पंखे लाल निळे फिरायला लागले, तेव्हा बायको बोलली, "गणपतीतली लाईट बरी ह्याच्यापुढे." पण उभी राहून बघत होती मात्र.

मग आला तो ओव्हरक्लॉक. दुपारची गिरण बंद होती, मी अंगावरचा कोंडा झटकून तिच्या मागे जाऊन बसलो. पडद्यावर नुसते आकडे. ती एक आकडा जरासा वाढवायची, पेटी बंद करून परत चालू करायची, मग एक असा प्रोग्राम लावायची की पेटीला घाम फुटला पायजे. ती तापते किती ते बघायची. तग धरला तर परत जरासा आकडा वर. एका ठिकाणी पेटी अडकून बसली, तर तिनं आकडा खाली आणला, करंट जरासा वाढवला, परत बघितलं. किती सबुरी! माझ्या पुलीच्या टाइमाला मी असं काय केलंच नव्हतं. मी पुली टाकली आणि चहा प्यायला गेलो होतो.

"झालं," ती बोलली. "इथंच थांबायचं."

"अजून एक," मी बोललो.

"बाबा."

"बग तर. एकच. ती बसलीय ना तुझी सहावी, तिच्यापेक्षा जरा फास्ट."

ते मी बोलायला नको होतं. तिच्या मनात पण तेच होतं. तिनं एक आकडा अजून वर नेला. प्रोग्राम लावला, पेटी गरम झाली पण टिकली. तिनं माझं ऐकलं. घरात माझं कोणी ऐकत नाय, त्यामुळे मला सवय नव्हती, मी छाती काढून अंगणात फिरून आलो. मग गरम होते म्हणून पेटीच्या बाजूची काच काढून ठेवायची, हा पण माझाच शोध. हवा लागली पायजे. लेक बोलली, "ठेवा, चालेल." म्हणजे एका दिवसात दोनदा माझं ऐकलं.

चार दिवस पेटी मस्त चालली. मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तयार झालेलं असतं. त्या भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, झेंडू, कुरडूचं फूल, आंब्याचं पान, सगळं दोऱ्यात बांधून तोरण करायचं आणि दाराला लावायचं. त्याला नवं बोलतात. दाराला लावायचं, नांगराला, मुसळाला, गिरणीला, मोटारसायकलला. जे जे आपल्याला खायला घालतं त्याला. त्या दिवशी हत्यारं, यंत्रं चालवायची नायत, त्यांना आराम. आणि एकदा बांधलेलं तोरण आपण काढायचं नाय, सुकून आपलं आपण पडलं पायजे.

बायकोनं तोरणं केली. एक शिल्लक राहिलं. माझी नजर पेटीवर गेली.

लेकीनं आधीच बजावलं होतं, "बाबा, आत कुंकू नको, हळद नको, पाणी तर नकोच नको." म्हणून मी किती सांभाळून केलं! कुंकू बाहेरच्या पत्र्याला लावलं, बोटानं, टिकलीएवढं. नारळ अंगणात फोडला. आणि तोरण, काच काढलेली होती ना, त्या उघड्या बाजूच्या वरच्या कडेला बांधलं. आतल्या लाल निळ्या पंख्यासमोर झेंडू आणि लोंब्या अशा लोंबायला लागल्या की देव्हारा बरा. लेक आपट्याची पानं वाटायला मैत्रिणींकडे गेली होती. आली, बघितलं, हसली, फोटो काढला आणि चौघींना पाठवला. त्यांनी लाल बदाम पाठवले. मी बोललो, "बगितलंस? तुझ्या पोरींना पण कळतं."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, सकाळी ती सरावाला बसली. पेटी चालू झाली. गेम चालू झाला. जराशात पडदा काळा.

परत चालू केली. परत काळा.

तिसऱ्यांदा तिनं चालू केली नाय. तिनं हात मांडीवर ठेवले. "तापून बंद पडतोय," ती बोलली. मग तिनं सगळे वाढवलेले आकडे परत खाली आणले, कंपनीनं दिले तसे. बोर्डावरची ती छोटी गोल बॅटरी पण काढून परत बसवली. तरी तेच. चालू, जरा वेळ, काळा.

"जळला काय गो?" मी विचारलं.

"माहीत नाय बाबा."

बघा, ती मला बोलली असती, "तुमच्या त्या अजून एकमुळे," तर मला बरं वाटलं असतं. बायकोचं ऐकायची सवय हाय, लेकीचं पण ऐकलं असतं. पण ती पेटीच्या वायरी सोडवायला लागली. मी गोधडी आणली. पेटी गिरणीच्या टेम्पोतून न्यायची होती, वाटेत तोरण खराब होऊ नये म्हणून मी ते अलगद सोडवलं, देव्हाऱ्यात ठेवलं. काढलं नाय, फक्त ठेवलं. पेटी गोधडीत गुंडाळून टेम्पोत भाताच्या पोत्यांवर ठेवली, लेक तिला मिठी मारून बसली, आणि मुरबाडला रिपेरवाल्याकडे निघालो. त्या रस्त्यानं जाताना मी प्रत्येक खड्ड्याला हात जोडत होतो. हात जोडले की स्टेरिंग सुटायचं, म्हणून लेकीनं ते बंद करायला लावलं.

रिपेरवाल्यानं पेटी जोडली. चालू केली. आमी दोघं श्वास धरून उभे. पडदा काळा होईना. त्यानं तापवायचा प्रोग्राम लावला, स्वतः चहा मागवला, आमाला पण दिला. चहा संपला, पेटी चालूच.

"ह्याला काय झालंय?" तो बोलला. "हा तर पळतोय."

"घरी बंद पडतो," लेक बोलली.

"मग घरची लाईट बघा."

मी टेबलावरच बसकण मारली. गिरण! आमची गिरण चालू झाली की घरातला बल्ब डोळे मिटतो, हे तर सगळ्या गावाला माहीत. म्हणजे बोर्ड चांगला, माझी गिरणच वाईट. मला तर एवढं हलकं वाटलं की रिपेरवाल्याला मी परत एक चहा पाजला. येताना खड्ड्यांना शिव्या दिल्या, म्हणजे मी परत माणसात आलो.

घरी पेटी जागेवर ठेवली. देव्हाऱ्यातून तोरण आणून जसं होतं तसं परत बांधलं. मग गिरणीचा मेन स्विच पाडला आणि दारात जाऊन सांगितलं, "आज उद्या गिरण बंद."

आता दसऱ्यानंतर लोक नवा भात घेऊन येतात, नव्याचा पहिला भात खायचा असतो. ओटीवर पोती लागलेली. त्यात आमच्या आळीतली एक म्हातारी, तिची भाताची पाटी सगळ्यात पुढे. ती बोलली, "बंद का रे? परत पुली?"

"नाय गो आजी, लाईटचं हाय. पोरीची मॅच हाय उद्या."

"मॅच गिरणीत खेळतात काय?"

मी काय समजावणार? मी आत आलो. लेक सरावाला बसली होती. गिरण बंद, बल्ब एकदम सरळ. पेटी चालू झाली, गेम चालू झाला, आणि पडदा काळा.

ह्या टाइमाला मी खरा घाबरलो. लाईट पण नाय, मग काय? लेकीनं फोन उचलला, टीमच्या मोठ्या पोरीला बोलली, "उद्याचं सांगता येत नाय गो." मग तिकडून काय ते ऐकलं आणि बोलली, "हो. तिला सांगून ठेव." तिला म्हणजे त्या सहावीला. फोन ठेवला तेव्हा तिचा आवाज बरा होता, पण नख खात होती.

मी बोललो, "मीच केलं गो. मी अजून एक बोललो म्हणून."

ती बोलली, "तुमी बोललात बाबा. बटण मी दाबलं."

मला जोक सुचेना. माझ्यासारख्या माणसाला जोक सुचत नाय म्हणजे तब्येत खराब हाय समजायचं.

बायको चहा घेऊन आली. लेक शेवटचं बघू म्हणून परत पेटी चालू करत होती. मी आणि लेक पडद्याकडे बघत होतो, आता काळा होईल, आता होईल. बायकोला पडद्यातलं काय कळत नाय, म्हणून ती बघत होती स्वतः केलेल्या तोरणाकडे.

"अगो," ती बोलली, "ती लोंबी बग, हलते."

"पंखा हाय ना आई, वारा येतो," लेक पडद्यावरून नजर न काढता बोलली.

"हलत नाय गो. जाते. आत जाते."

तेव्हा आमी दोघांनी पहिल्यांदा पेटीत बघितलं. प्रोसेसरवरचा पंखा हवा ओढत होता, आणि हवेबरोबर झेंडूच्या मागची भाताची एक लांब लोंबी हळूहळू आत चालली होती. गेली, पात्याला लागली, दाण्यावरचा टोकदार कुस आणि दोरा गुंडाळला, पंखा थांबला. बाकीचे लाल निळे पंखे फिरत होतेच, त्यामुळे कोणाला काय कळणार? जरा वेळानं पडदा काळा. पेटी बंद, पंखा सैल, आणि ती लोंबी परत सुटून बाहेर आली आणि तोरणात जाऊन लोंबायला लागली. अशी निर्मळ, जशी काय तिनं काय केलंच नाय. मुरबाडला तोरण नव्हतं, म्हणून पेटी पळत होती. घरी मी ते परत बांधलं, दोरा ओढून, पक्कं.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी तोरणाकडे बघितलं. मग ती जी हसायला लागली! खुर्चीवरून खाली बसली, पोटाला धरून. डोळ्यातून पाणी. त्यातलं किती हसण्याचं आणि किती दुसरं ते मी विचारलं नाय. मी पण भिंतीला टेकून खाली बसलो. जन्मभर मी भात सडतोय, आणि भाताची एक लोंबी मला अशी कांडून गेली.

"बोर्ड आपला आपण बंद पडत होता म्हणून वाचला बाबा," लेक बोलली. "दुकानात तुमाला तो खराब माल वाटत होता."

"मग मी काय बोललो होतो? हाच घे बोललो होतो."

"बाबा!"

तोरण काढायचं तर नसतं. मी बायकोकडे बघितलं. ती बोलली, "काढायचं नसतं. हलवायचं चालतं." हा नियम तिनं त्याच वेळी केला असणार, पण मी विचारलं नाय. तिनं स्वतः ते सोडवून खिडकीला बांधलं. लेकीनं लोंबीचा कुस चिमट्यानं पंख्यातून उचलला, आकडे परत वर नेले, प्रोग्राम लावला. पेटी तापली, टिकली, चालत राहिली. आमी तिघं आता पडदा सोडून पंख्याकडेच बघत बसलो, जसं काय तिथंच पिच्चर लागलाय.

"ते शेवटचं एक मात्र मी खाली आणते," लेक बोलली.

"आण," मी बोललो. माझ्या तोंडून असा शब्द आला ते ऐकून बायकोनं चहाचा कप खाली ठेवला.

रविवारी दुपारी मॅच. लाईटचं निमित्त उरलं नव्हतं, पण गिरण मी बंदच ठेवली, कशाला परीक्षा बघा. लोक पोती घेऊन ओटीवर बसले होते. त्यांना कळलं होतं की आत काय तरी चाललंय आणि ते संपलं की तांदूळ मिळणार. आतून लेकीचं ओरडणं ऐकू यायचं, "मागे बग! मागे!" की बाहेर म्हातारी पण मागे बघायची.

मग आवाज बंद झाला. मी दाराशी उभा. आत जायची हिंमत नाय. लेक बाहेर आली, कानावरून हेडफोन खाली गळ्यात, केस विस्कटलेले.

"जिंकलात काय गो?"

"हरलो." आणि तिचं तोंड हसत होतं. "पण मी राहिले बाबा. ती मोठी पोरगी बोलली, टीम हीच. चालू करा गिरण."

मी मेन स्विच वर केला. मोटर घुमली, घरातल्या बल्बानं डोळे मिटले, उघडले. मी कान आतल्या पेटीकडे लावून होतो. पंखा फिरतच होता. पहिली पाटी म्हातारीची. तिनं खालून आलेला तांदूळ मुठीत घेतला, उजेडाला धरला आणि माझ्या तोंडासमोर एक एक दाणा बघत बसली. कणी मिळेपर्यंत ती काय उठणार नव्हती. मिळाली तिला एक. मिळणारच. पण त्या दिवशी तिनं कणी परत पाटीत टाकली आणि विचारलं, "पोरगी जेवली काय रे?"